स्कार्फची टोके

मंगळवार, १५ ऑक्टोबर, सकाळ

ती. मामा यांस,
नमस्कार.

घडले ते असे :

१. शनिवारी सकाळी धाकटी टिटवी पाठीवर सॅक घेऊन घरातून निघाली. स्काउट-गाइड पथकाचे शिबिर आहे, रविवारी संध्याकाळी येते, असे आईला सांगून गेली.

२. रविवारी ती आली नाही. पथकप्रमुख बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "शिबिर? या महिन्यात शिबिरच नाही."

३. तिचा मोबाईल तिच्या टेबलाच्या खणात सापडला. बंद करून ठेवलेला.

४. एका मेंढपाळाने तिला शनिवारी दुपारी डोंगर चढताना पाहिले होते. गणवेशात, एकटी.

५. सोमवारी दुपारी खिंडीच्या वर, जिथे ओढा सुरू होतो तिथे, एका झुडपाला तिचा स्कार्फ बांधलेला सापडला.

६. अग्निशमन दलाची माणसे, बाबा आणि पथकातल्या मुलांचे पालक त्या स्कार्फच्या आसपासचा डोंगर विंचरून काढत आहेत. अजून काही हाती लागलेले नाही.

७. सोमवारी संध्याकाळी पोलीस तुमच्याकडे आले. तुम्ही कानांवर हात ठेवलेत. दोन्ही अर्थांनी.

तुम्हाला ऐकू येत नाही, पण वाचता येते. म्हणून लिहीत आहे. मी स्वतः आले असते तरी आपल्याला पाटीवर लिहूनच बोलावे लागले असते, आणि पाटीवर नकोसे काही आले की तुम्ही ती पुसता. कागद पुसता येत नाही. शिवाय मला इथून हलता येत नाही. धरणावर पाण्याची पातळी मोजायला सध्या मी एकटीच आहे, शोधपथकाला पाण्याचे आणि हवेचे आकडे मी देते, आणि घरी आईला एकटी ठेवण्यासारखी स्थिती नाही.

आता प्रश्न. वाट चुकली तर काय करायचे, हे टिटवी पथकात शिकली आहे. सध्याच्या पुस्तकात लिहिले आहे : जागेवर थांबावे, स्कार्फ दिसेल असा उंच बांधावा, शिट्टी वाजवावी. शोधपथकाचे प्रमुख याच हिशेबाने चालले आहेत. काल मला म्हणाले, "आजकालची पोरं शिकवल्यासारखी वागतात हो. स्कार्फ इथं आहे, म्हणजे पोरगी हाकेच्या अंतरावर." हाका कालपासून मारून झाल्या आहेत.

काल तासभर वर जाऊन मी तो स्कार्फ काढायच्या आधी पाहिला. तो उंच नव्हता, माझ्या गुडघ्याच्या वर होता. दोन्ही टोके एकत्र पिळून उताराच्या बाजूला वळवून ठेवली होती. वाऱ्याने असे होत नाही.

पथकप्रमुख बाई एवढेच सांगतात की तुमच्या वेळी हा नियम वेगळा होता, त्याचे शब्द आणि खुणा त्यांना आठवत नाहीत. जुने पुस्तक त्यांच्याकडे नाही. तुमच्याकडे असेल, नसले तरी तुम्हाला पाठ आहे. तो नियम काय होता? आणि टिटवीला तो माहीत आहे का?

हे पत्र तुमच्या गावी येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हाती देत आहे. उत्तर आज संध्याकाळच्या गाडीने त्यांच्याकडेच द्यावे.

आपली,
मोठी भाची


मंगळवार, संध्याकाळ

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिलंस की पंचनामा केलास? लहानपणी दूधसुद्धा पेल्याला डोळा लावून प्यायचीस, तेव्हाच मी हे नाव ठेवलं. असो. राग नाही.

घाबरू नका. पोरगी खमकी आहे. दोन दिवस इकडे तिकडे झाले म्हणून आकाश कोसळत नाही. माझ्या हाताखालून शेकडो पोरं डोंगरात गेली, सगळी पोचली. हीही पोचेल.

नियमांचं विचारतेस तर ऐक. आमच्या वेळी श्रेण्या होत्या. कोमलपद, मग द्वितीय, मग प्रथम. प्रथम श्रेणी म्हणजे काय, हे तुमच्या बाईंना विचारू नकोस, त्यांना झीट येईल. वाऱ्यात दोन काड्यांत चूल पेटवायची. तिसरी काडी मागितलीस की पुढच्या महिन्यात ये. या टेकडीवरून त्या टेकडीवर झेंड्यांनी निरोप द्यायचा आणि त्यात 'उद्या'चं 'काल' झालं तर सगळा निरोप पहिल्यापासून. कपड्यांसकट पोहायचं. आणि शेवटी एकट्याचा प्रवास. एकट्यानं डोंगर ओलांडायचा, रात्र बाहेर काढायची आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या जागी हजर व्हायचं. पलीकडे मी उभा. बिल्ला तिथंच छातीवर.

पुढे काय झालं? मोबाईल आले, झेंडे गेले. झेंड्यांबरोबर शिट्टीची भाषाही गेली, आता शिट्टी म्हणजे नुसता गोंगाट. चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. पोहण्याच्या जागी एक फिल्म दाखवतात आणि फिल्म बघितली म्हणून सही घेतात. एकट्याचा प्रवास आधी दुकट्याचा झाला, मग टोळीचा झाला, मग बाईंसोबत झाला आणि शेवटी त्याचा तक्ता झाला. पुठ्ठ्यावरचा. मी एका पोराला विचारलं, काय रे, डोंगर कसा होता? तर म्हणाला, स्केचपेनचा.

श्रेण्या गेल्या आणि सोपान आले. पहिला सोपान, दुसरा सोपान. सोपान म्हणजे पायरी. पायऱ्या वाढल्या आणि चढ गेला. हे मी बैठकीत बोललो, तर दुसऱ्या महिन्यात मला भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. घड्याळ मागे पडतं. मी तसंच ठेवलंय.

वाट चुकली तर जागेवर थांबावे! अगं, थांबायला पोरं म्हणजे काय टपाल कचेरीतली पार्सलं आहेत? कुणीतरी येईल, पावती फाडेल आणि घेऊन जाईल?

टिटवीला मी चार गाठी शिकवल्या, एवढंच. तुझ्या आईनं गेल्या वर्षी मला बजावलं, पोरीच्या डोक्यात काही भरवू नकोस म्हणून. तेव्हापासून मी तुमच्या दारात पाऊल ठेवलेलं नाही.

तुझ्या आईला म्हणावं, जेवत जा. पोरगी पोचेल.

तुझा
मामा


बुधवार, १६ ऑक्टोबर, सकाळ

ती. मामा यांस,
नमस्कार.

पत्र मिळाले. काल दिवसभरात काही सापडलेले नाही.

नियम का बदलले, हे तुम्ही लिहिलेले नाही. चूल बंद झाली, कारण एका शिबिराच्या चुलीतून अख्खी टेकडी जळाली. ती तुम्हीही पाहिली आहे. पोहणे बंद झाले, कारण ज्या तळ्यात तुम्ही पोहायला लावत होता त्यात कारखान्याचे पाणी सोडतात. बाकीचा वाद आपण नंतर घालू. त्यासाठी मी वेळ काढीन.

तुमच्या पत्रात चूल आहे, झेंडे आहेत, स्केचपेन आहे, मागे पडणारे घड्याळ आहे. स्कार्फवर एक अक्षर नाही. गाठ चुकीची बांधली म्हणून जेवणाच्या ताटावरून माणसाला उठवणारे तुम्ही. मी तुम्हाला एका गाठीचे इतके नीट वर्णन करून पाठवले, तरी त्यावर तुम्हाला काही म्हणायचे नाही, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट. इथे सगळे म्हणतात, "ती परत येईल." आई म्हणते, बाबा म्हणतात, पोलीस म्हणतात, शेजारी म्हणतात. तुम्ही पत्रात लिहिले आहे, "पोचेल." दुसऱ्या परिच्छेदात एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा. पोचायला ठिकाण लागते.

कुठे पोचेल?

मी पोलिसांना हे अजून बोललेले नाही. बोलले तर ते पुन्हा तुमच्याकडे येतील, तुम्ही पुन्हा कान दाखवाल आणि त्यात अर्धा दिवस जाईल. तो अर्धा दिवस आमच्याकडे नाही. काल शोधपथकाच्या प्रमुखांना मी म्हटले की स्कार्फची टोके उताराकडे आहेत, ओढ्याने खालीही पाहा. ते म्हणाले, "ताई, माणसं आहेत ती इतकीच. खाली लावली तर वर कोण? मला काहीतरी ठोस द्या." टोक हे त्यांना ठोस वाटत नाही. उद्यापासून ते निम्मी माणसे पलीकडच्या उतारावर नेणार आहेत, म्हणजे ओढ्यापासून आणखी दूर.

आई स्वयंपाकघरात आहे. घासलेली भांडी पुन्हा घासते आहे. तुमचे पत्र तिने वाचले. जेवत जा, या ओळीवर ती हसली आणि मग बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला म्हणाली, "त्याला लिही. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ म्हणावं. पोरीला मध्ये घेऊ नकोस."

मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मला तीन गोष्टी हव्या आहेत : जुना नियम, स्कार्फच्या टोकांचा अर्थ आणि ठिकाण. याहून जास्त काही लिहू नका. दुपारच्या गाडीचे कंडक्टर तुमच्या दाराशी येऊन थांबतील. मी त्यांना सांगितले आहे की कागद हातात पडल्याशिवाय गाडी हलवू नका. ते म्हणाले, "पॅसेंजर शिव्या घालतील." मग म्हणाले, "घालू देत."

आपली,
मोठी भाची


बुधवार, दुपार

मोजपट्टी,

कंडक्टर दारात उभा आहे. गाडीचा हॉर्न वाजतोय म्हणे. मला नुसतं त्याचं तोंड दिसतंय.

नियम असा. वाट चुकली तर पाणी शोधावे. पाण्याबरोबर खाली उतरावे. पाणी माणसांकडे जाते.

स्कार्फ कमरेखाली बांधला म्हणजे 'मी इथून पुढे गेले'. टोकं ज्या बाजूला, त्या बाजूला. तिची टोकं उताराला आहेत, म्हणजे ती ओढ्यानं खाली गेली. तिला वर शोधू नका. वर ती नाही.

ठिकाण पूल. जलाशयावरचा, बसचा. ओढा जलाशयाला मिळतो तिथून काठाकाठानं पायवाट आहे, ती सरळ पुलाशी निघते. मी त्या वाटेनं आयुष्यभर पोरं आणली. गुडघे गेल्यापासून मात्र तिथं उतरलेलो नाही.

तिनंच विचारलं होतं. उन्हाळ्यात गुपचूप बसनं यायची माझ्याकडे. म्हणाली, मामा, तक्ता करून मिळालेला बिल्ला मला नको, मला तुझ्यावेळचा पाहिजे. मी नाही म्हणायला हवं होतं. मी तिला माझा जुना बिल्ला दाखवला आणि म्हटलं, एकटी डोंगर ओलांडून ये, रविवारी पुलावर मी उभा असेन, तिथंच लावतो.

रविवारी दुपारपासून कठड्यावर बसून होतो. पाणी बरंच वर दिसलं. मला वाटलं, यंदा पाऊस चांगला झालेला दिसतो. अंधार पडला. शेवटची गाडी आली. कंडक्टरनं हात केला, चला आजोबा. मी चढलो.

मला वाटलं तिनं कच खाल्ली. अर्ध्यातून घरी गेली असणार. मला राग आला होता. सोमवारी पोलिसांना बघितलं तेव्हा कळलं. बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि हात कानाकडे गेला. का, ते मला विचारू नकोस.

खाली शोधा.

मामा


गुरुवार, १७ ऑक्टोबर, सकाळ

ती. मामा यांस,

तुमचा कागद शोधपथकाच्या प्रमुखांना दाखवला. त्यांनी तो वाचून नुसती टोपी काढली आणि पुन्हा घातली. कालच अंधार पडेपर्यंत माणसे ओढ्याने खाली उतरली. वाटेत ओल्या मातीत बुटाचा ठसा मिळाला आणि खाऊचा एक कागद. घडी घालून दगडाखाली ठेवलेला. कचरा कुठेही टाकायचा नाही हा नियम दोन्ही पुस्तकांत आहे.

ठसे पाण्याशी जाऊन संपतात.

ती पायवाट आता नाही, मामा. या पावसाळ्याआधी धरणाची भिंत वाढवली. पूर्वी काठ होता तिथे आता पाणी आहे आणि त्याच्यावर सरळ कडा. ओढा जिथे जलाशयाला मिळतो तिथून डावीकडे जाता येत नाही आणि उजवीकडेही नाही. तुम्हाला वर दिसलेले पाणी पावसाचे नव्हते. ती पातळी मी रोज मोजते. शनिवारी मोजली, रविवारीही मोजली.

नियम बदलला तो याच कारणाने, हे मला काल बाईंशी बोलल्यावर कळले. भिंत वाढवायचे ठरले तेव्हा आमच्या कार्यालयाने आसपासच्या शाळांना आणि पथकांना कळवले होते की मुलांना ओढ्याने खाली नेऊ नका, खाली आता माणसे नसतील, पाणी असेल. बाईंनी पुस्तकात बदल केला. छापले फक्त "जागेवर थांबावे". काल मी त्यांना विचारले, कारण का छापले नाही? त्या म्हणाल्या, "अगं, पान संपत होतं." मग रडायला लागल्या.

तुम्ही तो नियम वाचलात आणि तुम्हाला वाटले, आईबापांना घाबरून बदलला. टिटवीने तुमच्या तोंडून ऐकले आणि तिलाही तेच वाटले. खाली वाट उरलेली नाही, हे मला माहीत होते. जेवताना आम्ही रोज समोरासमोर बसतो. तिने कधी विचारले नाही, आणि हे घरात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही.

आता आमच्या खात्याची बोट काठाकाठाने जाणार आहे. मी बोटीवर आहे, कारण पाण्याखाली कुठे खडक आहे हे मला ठाऊक आहे. आईला मी सांगितले आहे की टिटवी पट्टीची पोहणारी आहे, तुम्हीच शिकवलेली. पाण्याचे तापमान तिने विचारले नाही. मी सांगितले नाही.

माझे अक्षर असे येते आहे, कारण बोटीचे इंजिन सुरू झाले आहे. हे काठावर कंडक्टरकडे देते.

मो. भा.


गुरुवार

(बसच्या तिकिटांच्या कोऱ्या गुंडाळीवर)

पुलावर आलोय. सकाळच्या गाडीनं. कठड्यावर बसलोय, तिथंच.

कंडक्टरला म्हटलं, काही कळलं तर मला ओरडून सांगू नको, हात वर कर. सापडली तर एक हात. नाही तर दोन. त्यानं पाटीवर लिहिलं, आजोबा, मला असलं काही करायला लावू नका.

पाणी बघतोय. एवढं पाणी मी रविवारी बघितलं आणि मला काही वाटलं नाही गं.

आज अंधार पडला तरी उठणार नाही.


शुक्रवार, १८ ऑक्टोबर

ती. मामा यांस,
नमस्कार.

टिटवी जिवंत आहे. हे तुम्हाला काल कंडक्टरच्या हातावरून कळले. ते म्हणतात, एकच हात वर केला तरी तुम्ही बराच वेळ विचारत राहिलात, एकच ना? एकच ना? आणि तरी गाडीत चढला नाहीत.

बाकीचे आज लिहिते.

ती ओढ्याच्या तोंडापासून थोड्या अंतरावर, कड्याच्या एका खोबणीत सापडली. बोटीवरून प्रथम मला बुटाची नाडी दिसली. रविवारी दुपारी ती ओढ्याने खाली आली, तर पुढे पायवाटच नाही. तिला वाटले आपण चुकीचा ओढा धरला. मग तिला वाटले, नाही, ओढा बरोबर आहे, आपल्याला वाट दिसत नाही. तुम्ही सांगितलेली वाट नसेल, असे तिला वाटलेच नाही. कडा धरून पुलाच्या दिशेने जायचा प्रयत्न करताना दगड सुटला आणि तिचा उजवा पाय त्याच्याखाली आला. दगड तिने त्याच दिवशी काढला, पट्ट्याची आणि काठीची तरफ करून. हे तुम्हीच शिकवलेले असावे. पाय मात्र तिला टेकता येईना. मग ती तिथेच थांबली. पाणी हाताशी होते, खाऊ पुरवून खाल्ला.

म्हणजे आधी तिने तुमचा नियम पाळला आणि मग बाईंचा. दोन्हींपैकी एकाही पुस्तकाप्रमाणे ती उत्तीर्ण होत नाही. हे मी तिला गंमत म्हणून सांगितले. ती हसली नाही. माझ्या गमतीला कोणी हसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

पायाची स्थिती अशी : बोटांकडे रक्त नीट जात नाही. सोमवारी सकाळी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, उघडून पाहिल्यावर ठरवू किती वाचतो ते. मी आकडा विचारला. ते म्हणाले, "यात आकडा नसतो." आईला हे माहीत आहे. टिटवीलाही माहीत आहे, कारण तिने डॉक्टरांना सरळ विचारले आणि त्यांनी सरळ सांगितले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहीत आहे, ते.

तिला जिथे पाहिले तिथून पूल दिसत नाही. मध्ये कड्याचे वळण येते. पण अंतर फार नाही. गाड्यांचा आवाज येतो, हे मी बोटीवरून स्वतः ऐकले. रविवारी दुपारपासून अंधार पडेपर्यंत ती शिट्टी वाजवत होती. जुन्या भाषेत, तुमच्या. इकडे या, इकडे या. तिने मला सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहिते :

"मला माहीत होतं मामा पुलावर आहे. म्हणून मी भ्यायले नाही. ओठ सुजले तरी वाजवत राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, अगं, त्याला ऐकू कुठं येतं? ताई, मी विसरलेच होते. तो माझ्याशी बोलतो ना, तेव्हा सगळं ऐकू येत असल्यासारखा बोलतो."

मग तिने विचारले, "तो थांबला होता ना? नाही आले म्हटल्यावर शोधायला निघाला असेल ना?"

मी तिला सांगितले, मामांना विचारते.

मला उत्तर माहीत आहे. तुम्हीच मला बुधवारच्या कागदावर लिहून दिले आहे. तुम्ही थांबला होता, हे खरे आहे. शेवटच्या गाडीत चढलात, हेही खरे आहे. आणि पुढचे जे आहे, म्हणजे ती वाजवत होती तेव्हा तुम्हाला काय वाटत होते, तेही मला माहीत आहे. मी तिच्याशी खोटे बोलणार नाही. पण खरे सांगणे हे माझे काम नाही. ती तुमच्यासाठी डोंगर ओलांडून आली होती, माझ्यासाठी नाही.

आई म्हणते, काही सांगायची गरज नाही, पोरीचं ऑपरेशन होऊ दे. मला वाटते की ऑपरेशननंतर पायाचे जे काही असेल ते असेल, आणि तेव्हा तिला ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळली, तर ती तुमच्याकडे पुन्हा पाहणार नाही. कंडक्टर सगळ्यांना सांगतात की रविवारी आजोबांना मीच गाडीत घेतले. ते वाईट हेतूने सांगत नाहीत. त्यांनाही झोप लागत नाही.

तुम्ही रुग्णालयात येऊ नका. आई तुम्हाला खोलीत येऊ देणार नाही, आणि आलात तरी तुम्ही पाटीवर लिहाल. तिला पत्र लिहा. कागदावर, शाईने. तिच्या नावाने, बंद पाकिटात. मी ते उघडणार नाही आणि आईलाही उघडू देणार नाही. काय लिहायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. जुन्या नियमांबद्दल लिहू नका, नव्या नियमांबद्दलही नको. तिच्या प्रश्नाचे उत्तर लिहा.

तिचा स्कार्फ पोलिसांनी परत दिला आहे. तो तिच्या पलंगाच्या दांडीला बांधून ठेवला आहे. तिनेच बांधून घेतला, उंच, येणाऱ्याला दारातून दिसेल असा.

उत्तर रविवारी संध्याकाळच्या गाडीने मिळावे.

आपली,
मोठी भाची